शिक्षेची दहशत गुन्हे संपवते? एका व्हायरल दाव्याला उत्तर

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. दावा असा: हुकूमशाही देशांत गुन्हे होत नाहीत, कारण तिथे शिक्षेची दहशत असते, लोकशाहीत पुरावे, वकील आणि अपिलं यांच्या आडून गुन्हेगार सुटतात. चार जणांना भर चौकात फाशी द्या, बाकीचे आपोआप सरळ होतील. शेवटी पुस्ती जोडलेली असते, की हे अर्थशास्त्रातलं नोबेल मिळालेल्या गॅरी बेकरने सिद्ध केलंय.

या मजकुरामागची चीड खरी आहे. ज्याच्या घरातलं माणूस मारलं गेलं आणि खटला वर्षानुवर्षं रेंगाळला, त्याने कायद्यावर विश्वास ठेवावा तरी कशाच्या जोरावर? पण त्या चिडीवर जो उपाय सुचवला जातोय तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत निरपराध लोक जिवाने मोजतात.

आधी बेकर. १९६८च्या त्याच्या निबंधानुसार गुन्हा करणारा दोन गोष्टींचा हिशेब मांडतो: पकडला जाण्याची शक्यता किती, आणि पकडला गेलो तर शिक्षा किती. मजकुराने दुसरी गोष्ट उचलली, पहिली गाळली. न्यायालयांचा अनुभव असलेल्या लोकांच्या मते शिक्षेपेक्षा पकडले जाण्याच्या शक्यतेचा परिणाम जास्त असतो, हे बेकरने त्याच निबंधात नोंदवलंय. जमेल तिथे तुरुंगापेक्षा दंड बरा, असंही त्याचं म्हणणं होतं.

पुढच्या संशोधनाने हीच बाजू भक्कम केली. जुलै १९९४मध्ये ब्युनोस आयर्समध्ये एका ज्यू संस्थेवर बॉम्बहल्ला झाला आणि सरकारने शहरातल्या ज्यू संस्थांबाहेर चोवीस तास पोलीस उभे केले. कुठे चोऱ्या जास्त होतात ते बघून या जागा ठरल्या नव्हत्या, त्यामुळे संशोधकांच्या हाती जवळजवळ प्रयोगच लागला. राफाएल दी तेया आणि अर्नेस्तो शार्ग्रोड्स्की यांना २००४मध्ये दिसलं की पहारा असलेल्या भागात वाहनचोऱ्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्या. एक-दोन गल्ल्या पलीकडे फरक जवळपास शून्य. कायद्यातली शिक्षा एका दिवसानेही वाढली नव्हती.

शिक्षेच्या लांबीचा काहीच उपयोग नसतो, असं मात्र मी म्हणणार नाही. इटलीने २००६मध्ये हजारो कैदी सोडले, आणि पुन्हा गुन्हा केला तर उरलेली शिक्षाही भोगावी लागेल अशी अट घातली. उरलेल्या शिक्षेच्या प्रत्येक जादा महिन्यामागे पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता सुमारे १.३ टक्क्यांनी कमी झाली. परिणाम आहे, पण छोटा. आणि तो आधी जाहीर केलेल्या, लोकांना खऱ्या वाटणाऱ्या कायद्याचा आहे.

फाशीचा मुद्दा लवकर उरकता येतो. एक फाशी आठ खून टाळते, असा निष्कर्ष अर्थतज्ज्ञ आयझॅक अर्लिकने १९७५मध्ये काढला होता आणि आजही तोच फिरवला जातो. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२मध्ये असे सगळे अभ्यास तपासले आणि धोरण ठरवताना ते वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं. हाँगकाँगमध्ये १९६६नंतर कुणाला फाशी झालेली नाही, सिंगापूरमध्ये १९९०च्या दशकात फाशीचं प्रमाण प्रचंड होतं. तरी दोन्हीकडच्या खुनांच्या दरांचा आलेख जवळजवळ सारखाच राहिला.

आता मजकुराच्या गाभ्याकडे येऊ: शिक्षा भयंकर केली की ती अमलात येतेच. इथे इतिहास नेमकं उलटं सांगतो.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये घरातून ४० शिलिंग किंवा त्याहून जास्त किमतीच्या मालाची चोरी केली तर फाशी होती. माल कितीही महाग असो, कित्येक खटल्यांत ज्यूरी त्याची किंमत ३९ शिलिंग ठरवायची. एवढ्याशा चोरीपायी माणूस मारायला त्यांचं मन धजत नव्हतं.

स्तालिनच्या राजवटीत तर दहशतीची कमी नव्हती. २६ जून १९४०च्या हुकमाने कामावर दांडी मारणं हा गुन्हा ठरला, आणि २० मिनिटांहून जास्त उशीर म्हणजे दांडीच. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत सक्तीचं काम आणि पगारातून २५ टक्क्यांपर्यंत कपात. परवानगीशिवाय नोकरी सोडली तर दोन ते चार महिने तुरुंग. जो व्यवस्थापक तक्रार करणार नाही, त्याच्यावरही खटला. तरी व्यवस्थापक प्रकरणं दडपत राहिले, दांडी रजा म्हणून दाखवत राहिले. उत्पादनाचं लक्ष्य त्यांच्या डोक्यावर होतं. कसबी कामगार तुरुंगात गेला तर यंत्र कोण चालवणार? भीती वर बसलेल्यांच्या आणि खाली राबणाऱ्यांच्या मध्ये खोट्या नोंदींचा थर तयार करते, आणि मग मॉस्कोलाही कळत नाही की कारखान्यात काय चाललंय.

म्हणून 'तिथे गुन्हेच नाहीत' हा दावा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. सोव्हिएत संघात गुन्ह्यांची आकडेवारी कित्येक दशकं गुप्त होती. १९७८मध्ये शाख्ती गावात एका लहान मुलीचा खून झाला. पोलिसांनी अलेक्सांद्र क्राव्हचेन्कोला पकडलं, कबुलीजबाब काढून घेतला आणि १९८३मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला. कबुली हातात, शिक्षा कडक, मजकुराला हवं तेच. पुढे आंद्रेई चिकातिलोने तो खून आपण केल्याची कबुली दिली. तो सापडला १९९०मध्ये, आणि ५२ खुनांसाठी दोषी ठरला. अशा खुनांबद्दल वर्तमानपत्रांत जवळपास काहीच येत नसे, त्यामुळे आईवडिलांना सावध व्हायचीही सोय नव्हती.

शिवाय राज्यच मारत असेल तर ते गुन्ह्यांच्या रकान्यात जातच नाही. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत तिथल्या गुप्त पोलिसांच्याच नोंदींप्रमाणे ६,८१,६९२ लोकांना मृत्युदंड सुनावला गेला. 'सुरक्षित' राजवटीचा हिशेब मांडताना ही माणसं कुठे धरायची?

उरला एल साल्वादोर, म्हणजे टोळ्यांवरच्या कडक कारवाईसाठी गाजलेला मध्य अमेरिकेतला छोटा देश, आणि हा मुद्दा टाळून चालणार नाही. तिथल्या वस्त्यांमध्ये लोक आज टोळ्यांच्या भीतीशिवाय फिरतात, आणि ती सुटका खरी आहे. पण क्रम नीट बघायला हवा. २०१५मध्ये तिथे लाखामागे शंभराहून जास्त खून होत होते. २०२१मध्ये तो दर १८च्या आसपास आला होता. टोळ्यांविरुद्धची आणीबाणी लागली मार्च २०२२मध्ये. म्हणजे बहुतांश घट त्याआधीची. त्या काळात सरकारने टोळ्यांशी गुप्त वाटाघाटी केल्या, असा आरोप अमेरिकेच्या अर्थखात्याने डिसेंबर २०२१मध्ये अधिकाऱ्यांवर निर्बंध लादताना केला होता. नंतरची घटही मुख्यतः ८० हजारांहून जास्त लोकांना आत टाकल्याची आहे. कोंडलेला माणूस बाहेर गुन्हा करू शकत नाही. याचा अर्थ बाहेरचे शिक्षेला घाबरून सुधारले असा होत नाही.

आत टाकलेल्यांपैकी हजारो निर्दोष निघाले, आणि त्यांना सोडल्याचं सरकारनेच मान्य केलंय. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर जरब निर्माण होते ती फरकातून: गुन्हा केला तर काय होईल आणि नाही केला तर काय होईल, यातल्या फरकातून. गुन्हा न करताही उचललं जाण्याची शक्यता जसजशी वाढते, तसतसा हा फरक घटतो. मजकुरात ज्या पुराव्यांची, वकिलांची आणि अपिलांची अडचण म्हणून हेटाळणी केली आहे, तो फरक टिकवण्याचं काम तेच करतात.