जिभेचे चोचले? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका (वयाचा उल्लेख तुम्हीच केलात, म्हणून काका म्हणते),

चवीने खाण्यात मला देवाचं प्रेम दिसतं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंदूरच्या सराफ्यात, त्या रात्रीच्या खाऊबाजारात, चरत हिंडायचं आणि त्याला देवाचं प्रेम म्हणायचं, म्हणजे जिभेच्या चोचल्यांना अध्यात्माचा मुलामा. संतांनी रसना जिंकायला सांगितली. शिवाय साखर वाढलेल्यांनी काय करायचं?

रसना जिंकायची, मान्य. पण गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसाच अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. दोन्ही एकाच श्लोकात. दुसरा भाग आपण सोयीने गाळतो. सातव्यात तर 'रसोऽहमप्सु कौन्तेय', पाण्यातला रस मी आहे. पाण्यातला, रबडीतला नव्हे! आणि जनाबाई? 'देव खाते देव पिते' म्हणणारी ती नामदेवांच्या घरी दळणकांडण करत होती. तिला कुणी चटोर म्हटलं नाही.

'चव कळायला लागली तशी मी स्वतःला आवडू लागले' हे माझं वाक्य तुम्हाला लाडावलेलं वाटलं. 'अजून एक पोळी?' हा टोमणा ऐकत वाढलेली मुलगी सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्यानेच घास कोंबते. चव लागत नाही, लाज तेवढी वाटते. पुढे ती उपास धरते तोही देवासाठी नाही, स्वतःला शिक्षा म्हणून. घरचे मात्र कौतुक करतात. देवही आपल्यावर नाराजच असणार, हे तिने धरूनच चाललेलं असतं.

पावसाळ्यात आमच्याकडे भुट्ट्याचा कीस होतो. कोवळी कणसं किसायची, तुपात मोहरी-हिंग-मिरचीच्या फोडणीवर कीस खमंग परतायचा, मग दूध घालून आटवायचं. आधी मक्याचा गोडवा, मागून मिरची, वर लिंबू. हे सगळं लागायला घास तोंडात घोळावा लागतो, कारण लाळेत विरघळल्याशिवाय जिभेला काही कळत नाही. घाईने दोन वाट्या संपवल्या तरी खाल्ल्यासारखं वाटत नाही. ताटात वाढून घेऊन, बसून खाल्ली तर एक पुरते. हे माझ्यासाठीही होतं आणि आधी बारीक होऊन ये अशी अट कुणी घातली नव्हती, असं तेव्हा वाटतं. त्याला मी देवाचं प्रेम म्हणते. तुम्ही दुसरं काही म्हणा, माझी हरकत नाही.

साखरेचं म्हणाल तर पथ्य डॉक्टर सांगतील तसंच. पण जिलबी बंद झाली म्हणून जीभ बंद होत नाही. पाडव्याला कडुनिंबाचा पालाही आपण प्रसाद म्हणूनच तोंडात टाकतो ना? ताकातलं जिरं, कारल्याची परतलेली भाजी, काकडीवर भुरभुरवलेला जिरावन मसाला, सगळं त्यातच आलं.

राहता राहिला सराफा. सराफ दुकानं बंद करतात आणि तिथेच ठेले लागतात. त्या धक्काबुक्कीत देव कसा भेटेल, असं तुम्ही विचारलंत. मलाही तो तिथे क्वचितच भेटतो. तिथे उभ्यानेच खावं लागतं.