बाल्थझारचा ब्रंच फोटोपुरता नाही
लेखात न्यूयॉर्कच्या बाल्थझार या रेस्टॉरंटमधला ब्रंच 'फक्त फोटोपुरता' म्हटलाय, ते मला अजिबात पटलं नाही. सोहोतल्या स्प्रिंग स्ट्रीटवर १९९७ पासून चालू आहे ते, आणि पाव त्यांच्याच बेकरीचा. मागच्या वर्षी न्यू जर्सीहून आईला घेऊन गेले होते. एग्ज बेनेडिक्टला, म्हणजे पावावरच्या पाण्यात अलगद शिजवलेल्या अंड्याला, सुरी लावली नि पिवळाधमक बलक वरच्या हॉलंडेज सॉसमध्ये ओघळला. आई आधी नुसती बघत राहिली, मग पावाच्या तुकड्याने बशी अगदी पुसून घेतली. हॉलंडेज म्हणजे बलक, लोणी, लिंबू. पण आच जरा वाढली की फाटलंच! रविवारच्या गर्दीत ते इतकं मऊसूत जमवणाऱ्या हातांना माझा मनापासून नमस्कार. गोंगाट असतो, हे खरंय. टेबल मात्र आधीच राखून ठेवा.