सर, तुमची निवड झाली आहे!

चित्रकार व्हायचंय ना? मग ब्रश नंतर घ्या, आधी केस वाढवा. खादीचा कुर्ता, खांद्याला झोळी आणि नखांत थोडा प्रशियन ब्ल्यू. तो लवकर निघत नाही, त्यामुळे लग्नाकार्यातही ओळख टिकते.

अनवाणी चाला. हुसेन चालायचे. उमेदीच्या काळात ते मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत, तो भाग सोडून द्या.

चित्राला नाव देऊ नका. 'अवकाश', 'अंतर्मन' आणि 'शोध' हे शब्द वाटेल त्या क्रमाने लावले की चित्रामागचा 'विचार' सांगणारं स्टेटमेंट तयार.

अमूर्त चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंड्यांचं नाव अधूनमधून घ्याच. २०२५ मध्ये त्यांचं एक चित्र ६७ कोटींना गेलं, हे सासुरवाडीला ऐकवा. ते स्वतः २००१ मध्येच गेले, हे मात्र नको.

वास्तुशांतीला सात घोडे फुकट काढून द्या. उगवत्या सूर्याचे वेगळे पैसे मागायचे नसतात.

राहिलं प्रदर्शन. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज टाकून वर्षानुवर्षं ताटकळण्यापेक्षा फोनची वाट बघा. येतोच. 'सर, ज्युरींनी तुमचं काम सिलेक्ट केलंय. इंटरनॅशनल ग्रुप शो आहे.' कुठलं काम, असं विचारून त्यांना अडचणीत आणू नका. इंटरनॅशनल अशासाठी, की काठमांडूचे एक गृहस्थ येणार असतात. ते येत नाहीत. सहभाग शुल्क आठ हजार, कॅटलॉगमध्ये पान हवं तर त्याचे निराळे. भिंत फुटावर मोजून मिळते, मंडईतल्या गाळ्यासारखी. परवाच्या अशा एका शोमध्ये माझं चित्र आग विझवायच्या लाल नळकांड्याच्या डोक्यावर होतं आणि खालच्या लेबलवर नाव भलत्याचंच. उद्घाटनाला एक बिल्डर, दीड तास उशिरा. समई, शाल, नारळ. 'मला कलेतलं काही कळत नाही' अशी सुरुवात करून साहेब वीस मिनिटं बोलले, तेही चित्रांकडे पाठ करून, कारण फोटो तसाच चांगला येतो. प्रेक्षक कोण? आम्हीच. 'टेक्स्चर छान आलंय हं' असं एकमेकांना सांगत फिरत होतो. शेवटी सगळ्यांना ट्रॉफ्या, आणि सगळेच 'सर्वोत्कृष्ट'. चित्र घरी आलं ते कॅनव्हासला पोचा पडून, एक कोपरा उसवून. आयोजकांना फोन केला, तर म्हणतात, 'सर, ॲबस्ट्रॅक्टच आहे ना? कुणाला कळणार नाही.'

कळणार नाही? अहो, भर पावसाळ्यात ऑइल वाळेना म्हणून पंखा लावून, थरावर थर देत बसलो होतो त्यावर! आणि कुठले ज्युरी? छापा ना त्यांची नावं. गॅलऱ्याही कमिशन घेतात, पण त्यासाठी चित्र विकतात तरी. तुम्हाला विकायची गरजच नाही. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे चित्र टांगायला आलेला चित्रकार. कोल्हापूर-सांगलीची पोरं डिप्लोमा करून बाहेर पडतात, एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे क्लास घेऊन पैसे साठवतात आणि तुम्ही ते बुफे अन् बॅनरवर उडवता. जहांगीरबाहेर फुटपाथवर चित्रं लावून बसणाऱ्याला निदान येणारा-जाणारा भाव तरी विचारतो. तुमच्या त्या एसी हॉलमध्ये तेवढंही कुणी विचारलं नाही.

आणि पोरांनो, तुम्हीही त्या ट्रॉफीचे फोटो स्टेटसला टाकणं बंद करा. तुमचा फोटो बघून पुढचा पैसे भरतो. फोन आला की ज्युरींची नावं विचारा. सांगितली नाहीत तर फोन ठेवा आणि त्या आठ हजारांचे रंग आणा.