लाचेची तक्रार करणारा आरोपी होत नाही

गेल्या काही दिवसांपासून नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक लांबलचक संदेश फिरतो आहे. पंचवटीतल्या सोसायट्यांपासून द्राक्ष बागायतदारांच्या गटांपर्यंत तो पोहोचला आहे आणि जिथे पोहोचला तिथे त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : २०१८च्या नव्या कायद्याने लाच देणाऱ्यालाही सात वर्षांची कैद ठेवली आहे, त्यामुळे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जाणाराच पहिला आरोपी होतो, सापळ्यासाठी दिलेले पैसे निकाल लागेपर्यंत अडकतात, सरकारच्या परवानगीशिवाय कारवाई होतच नाही, सापडतात ते शिपाई आणि तलाठी, आणि तेही लवकरच परत खुर्चीवर दिसतात, तक्रारदाराचे काम मात्र जन्मभर अडते. म्हणून शहाण्या माणसाने एजंट धरावा, कारण एजंटाला दिलेली रक्कम ही फी असते, लाच नव्हे.

माझ्या मावसभावाच्या वडिलांच्या निधनानंतरची वारस नोंद रखडली आहे आणि तिच्यासाठी त्याच्याकडे पैसे मागितले गेले आहेत. रीतसर तक्रार करायची, असे आमचे ठरले होते. हा संदेश वाचून त्याने फोन केला आणि ‘दादा, राहू दे, उगाच आपणच आत जायचो,’ असे म्हणून माझ्याकडेच एखाद्या ओळखीच्या एजंटाचा नंबर मागितला. ज्याने हा मजकूर लिहिला त्याने कायदा अर्धा वाचला आहे, आणि नेमका तो अर्धा वाचला आहे की जो वाचून सामान्य माणूस गप्प बसेल.

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८चा आहे. त्यात २०१८ साली झालेली दुरुस्ती त्या वर्षीच्या २६ जुलैपासून लागू झाली आणि तिने कलम ८ नव्याने लिहिले. लाच देणे हा सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा, दंडाचा किंवा दोन्हींचा स्वतंत्र गुन्हा झाला, हे खरे आहे. संदेशलेखक इथे थांबतो. कलम मात्र इथे थांबत नाही. त्याच कलमाची पहिली दोन परंतुके, म्हणजे ‘परंतु’ म्हणून जोडलेले अपवाद आणि अटी, सांगतात की, ज्याला लाच देण्यास भाग पाडले गेले त्याला हे कलम लागू होणार नाही, मात्र त्याने पैसे दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवले पाहिजे. आणि पोटकलम २ याहून स्पष्ट आहे : जो आधी तपास यंत्रणेला कळवतो आणि तिला मदत म्हणून नंतर पैसे देतो, त्याला लाच देण्याचा गुन्हा लागूच होत नाही. सापळ्यातील तक्रारदार हा तंतोतंत याच पोटकलमातला माणूस आहे. ज्याच्या संरक्षणासाठी कायद्यात वेगळे पोटकलम घातले आहे, त्यालाच ‘पहिला आरोपी’ म्हणून घाबरवायचे, याला अज्ञान म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनी ठरवावे.

यात एक अर्धसत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य केले पाहिजे. जुन्या कायद्यात कलम २४ होते. लाच देणाऱ्याने लोकसेवकाविरुद्धच्या कार्यवाहीत ‘मी पैसे दिले’ असा जबाब दिला, तर त्या जबाबावरून त्याच्यावर खटला भरता येत नसे. ते कलम २०१८मध्ये वगळले गेले. म्हणजे पैसे देऊन वर्षभर गप्प बसायचे आणि काम बिनसले की तक्रार करायची, ही सोय आता राहिलेली नाही. शिवाय ‘भाग पाडले’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्या कलमात नाही, तेव्हा त्यावर न्यायालयात वाद होऊ शकतो. तसेच निविदा आपल्यालाच मिळावी म्हणून स्वतःहून पाकीट नेऊन देणाऱ्या ठेकेदाराला हे संरक्षण नाही, आणि ते असूही नये. पण स्वतःच्या हक्काच्या कामासाठी अडवला गेलेला माणूस आणि हा ठेकेदार यांना एकाच पंक्तीला बसवण्याचे काम कायद्याने केलेले नाही, ते संदेशाने केले आहे. हक्काच्या कामासाठी पैसे मागणे हा गुन्हा आहे, हे कलम ७खाली दिलेल्या उदाहरणातच लिहिले आहे : नेहमीच्या शिधापत्रिकेचा अर्ज वेळेत मार्गी लावण्यासाठी ५,००० रुपये मागणारा लोकसेवक दोषी आहे. त्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची शिक्षा आहे.

सगळ्यात घातक भाग एजंटाचा आहे. कलम ८चे स्पष्टीकरण सांगते की, पैसे ज्याला दिले तो माणूस आणि काम करणारा माणूस एकच असला किंवा नसला तरी फरक पडत नाही, आणि पैसे थेट दिले की त्रयस्थामार्फत, यानेही फरक पडत नाही. लोकसेवकाने कर्तव्यात गैर वागावे या हेतूने पैसे पोहोचवले, एवढे पुरते. तिकडे कलम ७-क खाली, लोकसेवकावर भ्रष्ट किंवा बेकायदेशीर मार्गाने प्रभाव टाकून काम करवून देतो म्हणून पैसे घेणारा मध्यस्थही तीन ते सात वर्षांच्या शिक्षेस पात्र आहे. अर्ज लिहून देणे, कागद लावून देणे, रांगेत उभे राहणे यांची मजुरी घेणारा माणूस वेगळा, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण ‘साहेबांचे यातच आले’ असे सांगणाऱ्याला दिलेली रक्कम फी ठरत नाही. आता या संदेशाचा परिणाम पाहा. तक्रार केली असती तर पोटकलम २ने पूर्ण सुरक्षित राहिला असता असा माणूस, हा सल्ला मानून एजंटाला पैसे देतो, कोणालाही सांगत नाही, सात दिवस उलटतात, आणि ज्या कलमाची भीती त्याला दाखवली होती त्याच कलमात तो स्वतःच्या पायांनी चालत जातो.

सापळा कसा असतो, हे मी एकदा जवळून पाहिले आहे. सरकारी नोकरीत असताना मला पंच म्हणून बोलावले होते. असे पंच सहसा दुसऱ्याच कार्यालयातले कर्मचारी असतात. तक्रार आली की लगेच नोटा घेऊन कोणी धावत नाही. आधी पडताळणी होते : तक्रारदाराजवळ ध्वनिमुद्रक दिला जातो आणि समोरचा खरोखर मागणी करतो आहे का, हे पंचासमक्ष तपासले जाते. मागणी निघाली नाही तर सापळा लागत नाही. निघाली, तर नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहिले जातात, त्यांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावली जाते आणि तक्रारदाराला पुन्हा पुन्हा बजावले जाते की, मागितल्याशिवाय द्यायचे नाही. सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात हात बुडवल्यावर ते पाणी गुलाबी होते ते पैसे घेणाऱ्याच्या हाताने. या सगळ्या कागदपत्रांत तक्रारदार फिर्यादी असतो. त्याला आरोपीच्या रकान्यात बसवणारा पंचनामा मी पाहिलेला नाही.

पैसे अडकतात, हे म्हणणे फार वेळ घेण्यासारखे नाही. सापळ्यातल्या नोटा मुद्देमाल म्हणून जप्त होतात, पण तेवढी रक्कम तक्रारदाराला विभागाकडून परत दिली जाते. मागणी लाखांत असेल तर वर-खाली मोजक्या खऱ्या नोटा आणि मध्ये नकली नोटा, अशी पुडकी वापरली जातात. परवानगीचा मुद्दा कलम १७-कवरून घेतलेला दिसतो. लोकसेवकाने घेतलेल्या निर्णयाची किंवा केलेल्या शिफारशीची चौकशी करण्यापूर्वी त्या कलमाखाली मंजुरी लागते. परंतु लाच घेताना किंवा घेण्याचा प्रयत्न करताना जागीच झालेल्या अटकेला ही अट लागू नाही, असे तिथल्या पहिल्याच परंतुकात लिहिले आहे. पुन्हा तेच, पुढचे वाक्य वाचलेले नाही.

‘फक्त तलाठी सापडतात’ असे नाशिकमध्ये बसून लिहिणाऱ्याने निदान स्थानिक वर्तमानपत्रे तरी चाळायला हवी होती. मे २०२३मध्ये जिल्हा उपनिबंधकाला ३० लाख रुपयांच्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तहसीलदाराला १५ लाख रुपयांच्या लाचेच्या आरोपावरून याच शहरात पकडले गेले. ते दोषी आहेत की नाहीत, हे न्यायालय ठरवील; पण सापळा शिपायापाशी थांबत नाही, एवढे त्यावरून दिसते.

शिक्षेबद्दलची तक्रार मात्र खोटी नाही. अटक होऊन ४८ तासांहून अधिक कोठडी झाली की महाराष्ट्राच्या १९७९च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे निलंबन आपोआप मानले जाते. पण पुढे खटला भरण्यासाठी लागणाऱ्या कलम १९खालच्या मंजुरीला कायद्याने तीन महिने आणि फार तर आणखी एक महिना दिलेला असताना फायली त्याहून जास्त रेंगाळतात, खटला दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा ही तरतूद कागदावर राहते, आणि निलंबित माणूस दुसऱ्या टेबलावर रुजू झालेला लोकांना दिसतो. लोकांचा राग खरा आहे. शिक्षा कमी होण्यामागचे एक मोठे कारण असे की, काळ लोटल्यावर तक्रारदार फितूर होतात. नीरज दत्ता विरुद्ध दिल्ली राज्य या प्रकरणात १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने याच प्रश्नावर निकाल दिला : मागणी आणि स्वीकार सिद्ध व्हायलाच हवेत, पण तक्रारदार मरण पावला, फितूर झाला किंवा साक्षीला येऊ शकला नाही, तरी इतर साक्षीदार, कागदपत्रे आणि परिस्थितिजन्य पुराव्यावरून ते सिद्ध करता येतात. म्हणून पडताळणीचे ध्वनिमुद्रण आणि पंचाची साक्ष यांना एवढे महत्त्व आहे. शिक्षा कमी होतात म्हणून तक्रारच करू नका, हे मात्र कुठल्या तर्कशास्त्रात बसते, मला कळलेले नाही.

राहिला अडणाऱ्या कामाचा प्रश्न. कार्यालयातले बाकीचे लोक तोंड वाकडे करतात, हे होते. पण वारस नोंदीचे काम एका माणसाच्या मर्जीवर चालत नाही. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाची, नोंद घेतल्यावर हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, नंतर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, आणि निर्णय विरुद्ध गेला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील आहे. अर्ज ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून केला तर त्याला क्रमांक आणि तारीख मिळते. जिथे सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५खाली अधिसूचित आहे, तिथे ठरलेली मुदत, विभागातच दोन अपिले, त्यावर सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांचा दंड आहे. दंडाची रक्कम हास्यास्पद आहे, पण मुदत लेखी आहे आणि पडताळणीच्या वेळी ती कामाला येते. विभागाच्या १०६४ या क्रमांकावर फोन करून सुरुवात करता येते; सापळ्यासाठी मात्र सहीची लेखी तक्रार लागते. जाताना अर्जाची पोहोच, मागणी कोणी, कुठे आणि केव्हा केली याचे टिपण, आणि पैसे आधीच दिले असतील तर दिल्याची तारीख सोबत न्यावी, कारण सात दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.