बर्फ वाचवायचा तर वैशाखातले वणवे आधी विझवा

नोव्हेंबरात दिल्लीवर धूर दाटला की देशभर चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण एप्रिल-मेमध्ये उत्तराखंडात चिडाची, म्हणजे पाइन वृक्षांची, जंगलं पेटतात आणि खाली पंजाब-हरियाणात गव्हाचं काड जळतं, तेव्हा दोन दिवस बातमी येते आणि विषय संपतो. मला हे मनापासून खटकतं, कारण हिमालयातल्या बर्फासाठी हेच दिवस सर्वांत घातक असतात.

हिवाळ्यात थंड हवा धुराला जमिनीलगत दाबून धरते. उन्हाळ्यात जमीन तापते, हवा उंच चढते आणि काजळीही तिच्यासोबत वर जाते. मायक्रॉनहून लहान कण, पाऊस नसेल तर आठवडाभरही हवेत टिकतात. पुढचं काम दऱ्या करतात. सकाळी ऊन चढलं की उतार तापतात आणि वारा दरीतून वरच्या दिशेने वाहू लागतो. एव्हरेस्टजवळ ५,०७९ मीटरवर पिरॅमिड नावाचं संशोधन केंद्र आहे. २००६ पासून तिथे घेतलेल्या नोंदींत हेच दिसलं: पावसाळ्याआधीच्या महिन्यांत काजळी सर्वाधिक, आणि तीही दुपारनंतर. एवढ्या उंचीवर हवा शुद्धच असणार, असं आपण उगाच धरून चालतो.

ताजा बर्फ ८० ते ९० टक्के ऊन परत फेकतो. एक किलो बर्फात ग्रॅमचे काही लाखांश एवढी काजळी मिसळली, तरी यात मोजता येईल इतकी घट होते. बर्फ थोडा जास्त तापतो, त्याचे कण वितळून-गोठून जाडे होतात, आणि जाडे कण आणखी ऊन शोषतात. पाणी वाहून जातं, पण बरीचशी काजळी वरच साचत राहते. नोव्हेंबरात पडलेल्या काजळीवर निदान हिवाळ्याचा नवा बर्फ पांघरला जातो. मे महिन्यातली काजळी उघड्या, वितळू लागलेल्या बर्फावर पडते, डोक्यावर वर्षातलं सर्वांत कडक ऊन असताना.

समुद्रही हे थांबवत नाही. २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांचा धूर आणि धूळ टास्मान समुद्र ओलांडून गेली आणि न्यूझीलंडच्या हिमनद्या तपकिरी दिसू लागल्या.

कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न बाजूला ठेवा, असं मी अजिबात म्हणत नाही. पण तो वायू शतकानुशतकं हवेत राहतो. काजळी आज थांबवली तर महिन्याभरात हवेत फरक दिसेल. हिमालयाच्या बाबतीत एवढ्या लवकर हाती लागणारं दुसरं काही मला तरी दिसत नाही. म्हणून राळेने भरलेला, ठिणगीसरशी पेटणारा पिरूल, म्हणजे चिडाची वाळलेली पानं, गोळा करणाऱ्या गावकऱ्यांना नीट मजुरी मिळायला हवी. वणवा विझवणाऱ्या हंगामी मजुरांना पुरेशी साधनं हवीत. आणि वणव्यांच्या अहवालात किती हेक्टर जंगल जळालं याच्यासोबत, वरच्या हिमनद्यांवर त्या हंगामात किती काजळी बसली, हाही आकडा दरवर्षी जाहीर व्हायला हवा.