आक्षेप घ्या, पण पुराव्यासकट

रेडी रेकनरमधल्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरांच्या तक्त्यातल्या, दरावर ऑनलाइन आक्षेप घ्यायचा बेत आहे ना? उत्तम. फक्त संगणक उघडण्याआधी दार लावून एक गोष्ट ठरवा: तुमची तक्रार दर जास्त लागलाय म्हणून आहे, की कमी लागलाय म्हणून?

हसू नका, इथेच भले भले घसरतात. बांधाला लागून असलेलं शेजाऱ्याचं वावर विकत घ्यायचं असेल तर दर पडेलच हवा, कारण मुद्रांक शुल्क त्यावर बसतं. पण त्याच गावातला तुमचा दुसरा गट नव्या रस्त्याच्या भूसंपादनात जाणार असेल, तर दर आभाळाला टेकायला हवा. 2013 च्या भूसंपादन कायद्यात मोबदल्यासाठी बाजारभाव काढताना मुद्रांकाचा हाच दर बघतात आणि मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी जास्त किमतीच्या निम्म्या खतांची सरासरीही बघतात. जो आकडा मोठा, तो धरायचा. तेव्हा सरळ दोन आक्षेप टाका. पहिल्यात गाव दुर्गम, विहिरींना पाणी नाही, पावसाळ्यात एसटी फाट्यावरूनच परत फिरते. दुसऱ्यात तेच गाव बारमाही बागायत, एमआयडीसी हाकेच्या अंतरावर. दोन्ही अर्जांना एकच मोबाईल नंबर देऊ नका, एवढं पथ्य पाळा. एक ओटीपी बायकोच्या फोनवर येऊ द्या.

आता मापं. सातबारा बोलतो हेक्टर-आरमध्ये, एजंट गुंठ्यात, प्लॉटचा सरकारी दर चौरस मीटरला आणि पुण्याहून आलेला गिऱ्हाईक विचारतो चौरस फुटाला. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर किंवा 1089 चौरस फूट. आर आणि गुंठा एकच, असं गावात सगळेच म्हणतात. तुम्हीही बिनधास्त म्हणा. सव्वा चौरस मीटरचा फरक कुणाच्या लक्षात येतो? येतो, फक्त तुमचा अर्ज निकाली काढणाऱ्याच्या.

तुमची जमीन बागायत की जिरायत, यावर वाद घालण्याचा मोह होईल. जरूर घाला. मात्र त्याआधी सातबाऱ्यावर ‘आकार’ या शब्दापुढे काही रुपये-पैसे लिहिलेले असतात, ते बघून ठेवा. हा शेतसारा. ग्रामीण भागात शेतजमिनीचा दर ठरवताना दर हेक्टरी आकार किती, हे बघून जमिनीची पायरी लावायची पद्धत आहे. साऱ्याची ही मोजदाद मुळात इंग्रजांच्या जमाबंदीतून आलेली. म्हणजे कुणा साहेबाने घोड्यावरून तुमच्या खापरपणजोबांच्या मातीबद्दल जे मत बनवलं, त्याच्याशी तुमचं भांडण आहे. पोर्टलवर त्याला प्रतिवादी करायची सोय नाही, ही त्रुटी सूचनांच्या रकान्यात अवश्य कळवा.

मग येतो पुरावा. नुसतं ‘दर अन्यायकारक आहे’ लिहून भागत नाही, आजूबाजूचे व्यवहार दाखवावे लागतात. सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या खताचा गोषवारा, आपल्या बोलीतला इंडेक्स टू, चार-पाच जमवा. शेजारच्या गटाचा, त्याच्या पलीकडच्याचा, ओढ्याकाठच्याचा. शेजारी शेजारी ठेवून वाचा. बाजारभावाच्या (म्हणजे रेडी रेकनरने काढलेल्या किमतीच्या) रकान्यात जो आकडा, मोबदल्याच्या (म्हणजे खतात दाखवलेल्या किमतीच्या) रकान्यात थेट तोच, फार तर वर राउंड केलेला. गावात किमतीबद्दल इतकं एकमत कधी पाहिलंय? त्याहून जास्त दाखवावं तर शुल्क वाढतं. कमी दाखवावं तर शुल्क रेडी रेकनरवरच घेतात, आणि तफावत 10 टक्क्यांच्या पुढे गेली की आयकर खातं तिच्याकडे तुमचं उत्पन्न म्हणून बघू लागतं. म्हणून कागद सरकारी दराला चिकटून बसतो आणि उरलेली रक्कम कापडी पिशवीतून हिंडते. पुढच्या वर्षीचे दर ठरवताना नोंदवलेले व्यवहार तपासतात, ते हेच. सरकार आरशात बघून स्वतःची उंची मोजतं आणि तुम्हाला म्हणतं, चुकली असेल तर पुरावा द्या.

पुरावा तुमच्याकडे आहेच की! शेजारचं वावर खरं कितीला गेलं, ते तुम्हाला पैशापर्यंत ठाऊक आहे. साक्षीदार म्हणून सहीसुद्धा तुमचीच आहे. तेव्हा लिहा: ‘सदर व्यवहार प्रत्यक्षात खतातील रकमेच्या दुपटीने झाला असून पिशवी माझ्या समक्ष मोजण्यात आली.’ खाली पॅन नंबर टाका. प्रामाणिक नागरिकाला भ्यायचं काय कारण?

एकाच जमिनीचं मूल्य ठरवून हवं असेल, तर खतावर सह्या होण्याआधी मसुदा घेऊन मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करायची तरतूद कायद्यात आहे. पण ती वाट उपयोगाची आहे, म्हणून या लेखात तिच्यावर जास्त जागा घालवत नाही.

फाइल अपलोड करताना नकाशा इतका लहान करा की तो चढेल, आणि इतका लहान करू नका की दिसणारच नाही. कॅप्चातला शून्य आणि ओ ओळखण्यासाठी नातवाला सुट्टीच्या दिवशी बोलवा.

एवढं करून दर वाढलेच, तर सरासरी वाचा, बरं वाटतं. 2023 आणि 2024 ला दर होते तसेच राहिले, मग 1 एप्रिल 2025 पासून मुंबई वगळून राज्यात सरासरी 4.39 टक्के वाढ झाली. सोलापूर महापालिका हद्दीत ती 10.17 टक्के होती; पण सोलापूरकरांनीही राज्याची सरासरीच वाचावी, असा माझा सल्ला आहे.

तुमच्या आक्षेपाचं काय झालं, हे विचारत बसू नका. मार्चअखेर आलीय. नवे दर लागू व्हायच्या आत खत उरकायला दुय्यम निबंधक कार्यालयासमोर सगळा तालुका लोटलेला असतो. टोकन घ्या आणि डबा सोबत ठेवा. नंबर लागला की मोबदल्याच्या रकान्यात तोच आकडा लिहा, ज्याला तुम्ही आठ पानी हरकत घेतली होती. वर राउंड करा. पुढच्या वर्षी कुणीतरी आक्षेप घेईल, तेव्हा त्याला जोडायला तुमचा इंडेक्स टू उपयोगी पडेल. आता कॅमेऱ्याकडे बघा आणि अंगठा नीट दाबा. ठसा पुसट आला तर परत घ्यावा लागतो, आणि मागची रांग शिव्या देते.