१५ किलोची तलवार आणि ‘अस्सलपेक्षा भारी’ रेप्लिका : त्या फिरणाऱ्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

सध्या एक लांबलचक मेसेज सगळीकडे फिरतोय, सोबत एक व्हिडिओ पण असतो, त्यात एक जण भिंतीवरची तलवार काढतो, दोन वेळा फिरवतो आणि धापा टाकत सांगतो की बघा, पूर्वीचे लोक हे कसं उचलत असतील. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : युरोपियन तलवारी म्हणजे १०-१५ किलोचे बोथट लोखंडी दांडे, कापायला नव्हे तर ठेचायला, चिनी तलवारी पत्र्यासारख्या लवलवत्या, पण त्याच चिन्यांनी २२०० वर्षांपूर्वी तलवारींना क्रोम प्लेटिंग केलं होतं, आणि आज मिळणाऱ्या रेप्लिका, म्हणजे जुन्या तलवारींच्या नकला, आधुनिक स्टीलच्या असल्यामुळे अस्सल तलवारींपेक्षा सरसच, स्वस्त घ्या नाहीतर महाग, फरक फक्त ब्रँडचा, ‘फुल टँग’ आणि ‘दमास्कस’ लिहिलंय ना तेवढं बघा.

यातलं जवळजवळ काहीच खरं नाही, आणि हे वाचून कॉलेजची पोरं साठवलेले पैसे घालतात म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी वजन. मध्ययुगातली एका हाताने चालवायची युरोपियन तलवार साधारण १ ते १.३ किलोची असायची, क्रिकेटची बॅट असते तेवढीच. दोन्ही हातांनी धरायची लाँगस्वोर्ड बहुतेक वेळा १.२ ते १.८ किलो. सोळाव्या शतकातले जर्मन भाडोत्री सैनिक ज्या माणसाच्या उंचीच्या तलवारी वापरायचे, ज्यांचे फोटो बघूनच लोक १० किलो म्हणून मोकळे होतात, त्यासुद्धा लढाईच्या असतील तर २ ते साडेतीन किलोच्या आसपास. नेदरलँड्समधल्या फ्रीस म्युझियममध्ये ग्रुटे पियर या फ्रिसियन बंडखोराची म्हणून सांगतात ती तलवार आहे, २ मीटर १३ सेंटीमीटर लांब, आणि एवढ्या राक्षसी तलवारीचं वजन ६.६ किलो आहे. मग साध्या शिपायाची १५ ची कुठून येणार? इंग्लंडमधल्या डरहॅम कॅथीड्रलची कॉन्यर्स फॉल्शन (रुंद पात्याची एकधारी तलवार) बघा, तेराव्या शतकातली, टोकाकडे रुंद होत जाणारं पातं, फोटोत प्रचंड जड दिसते, वजन साधारण १३०० ग्रॅम, कारण ते रुंद पातं भयंकर पातळ आहे.

यावर लगेच येणारं उत्तर असतं की म्युझियममधल्या तलवारी गंजून हलक्या झाल्यात. नदीतून, शेतातून निघालेल्यांचं वजन घटतं हे बरोबर. पण सगळ्या जमिनीतून आलेल्या नाहीत. इजिप्तच्या मामलुक सुलतानांकडे भेट म्हणून किंवा लूट म्हणून गेलेल्या युरोपियन तलवारी अलेक्झांड्रियाच्या शस्त्रागारात ठेवल्या होत्या, त्यांच्या पात्यांवर अरबीत नोंदी कोरल्यात, आज त्यातल्या काही टोरांटोच्या रॉयल ऑंटारिओ म्युझियममध्ये आणि इंग्लंडमध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीज या शस्त्रांच्या म्युझियममध्ये आहेत. या कधी मातीत गेल्याच नाहीत, आणि त्यांची वजनंही याच हिशोबात बसतात.

मग १५ किलोचा आकडा आला कुठून. काही मिरवणुकीच्या तलवारी खरंच जड होत्या, राजापुढे उभ्या धरून चालायच्या, लढायच्या नव्हेच, आणि काचेमागे त्याच जास्त उठून दिसतात. दुसरं म्हणजे एकोणिसाव्या शतकातले इंग्लिश लेखक. एगर्टन कॅसलसारख्या माणसाने तलवारबाजीच्या इतिहासावर खूप मेहनत घेतली पण मध्ययुगातली लढाई त्याला नुसती आडदांड मारामारी वाटायची, रेपिअर (भोसकायची लांब, सडपातळ तलवार) आली आणि मग कला आली असा त्या पिढीचा समज, तो आजतागायत चालत आलाय.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे वाईट रेप्लिका स्वतःच. व्हिडिओतल्या माणसाला धाप लागते ती खरी आहे, त्याच्या हातातली वस्तू खरंच जड आहे! ५ मिलिमीटरची पट्टी घ्यायची, तलवारीच्या आकारात कापायची, कडा तिरक्या घासायच्या, मूठ बसवायची, झाली तलवार तयार. मुठीपाशी ५ मिमी आणि टोकापाशी पण ५ मिमी. अस्सल पात्यात मुठीजवळ ५-६ मिमी जाडी असेल तर टोकाकडे जाईपर्यंत ती २ मिमीवर, कधी त्याच्याही खाली येते, आणि ती एकसारखी उतरत नाही, कुठे पटकन उतरते कुठे सावकाश, तलवार काय कामाची आहे त्यावर ते ठरतं. मधली लांब पन्हळ, जिला लोक ‘रक्त वाहून जायची खाच’ म्हणतात, तीसुद्धा धातू कमी करून पातं ताठ ठेवण्यासाठी असते, रक्ताचा काही संबंध नाही. त्या काळी पोलाद महाग आणि मजुरी त्या मानाने स्वस्त, त्यामुळे लोहार ठोकून ठोकून पातं पातळ करत न्यायचा. आज उलटं झालंय, पट्टी स्वस्त आणि घासायला लागणारे कारागिराचे तास महाग, म्हणून पहिली काटछाट त्या उताराचीच होते. बाहेरून फोटो अगदी हुबेहूब, हातात घेतलं की दांडा.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. रेप्लिका म्हणजे बाह्याकाराची नक्कल नव्हे, धातू पात्यात कुठे किती ठेवलाय त्याची नक्कल. हे जुळलं नाही तर बाकीचं कितीही जुळवा.

बोथटपणाचा मुद्दा पटकन संपवतो. १३६१ मध्ये, आज स्वीडनमध्ये असलेल्या गोटलंड बेटावर व्हिस्बीपाशी जी लढाई झाली तिथल्या सामूहिक कबरींतून हजाराच्या वर सांगाडे निघाले, कितीतरी जणांच्या नडगीच्या हाडांवर सरळ कापल्याच्या खुणा आहेत, ठेचण्याने हाडावर तशी खूण पडत नाही. आणि जुन्या चित्रांत योद्धे स्वतःच्याच तलवारीचं पातं हाताने धरून भोसकताना दिसतात म्हणून ती बोथट असणार असं जे म्हणतात, त्यांना सांगायचंय की धार हात सरकला की कापते, घट्ट दाबून धरली तर नाही, आणि हे आज लोक धारदार तलवारी घेऊन करून दाखवतात. लीड्सलाच १४व्या शतकाच्या सुरुवातीचं एक हस्तलिखित आहे, आय-३३ या नावाने ओळखतात, तलवार आणि छोटी ढाल, एकेक पवित्रा चित्रासकट. दांड्याने ठेचायचं असतं तर एवढा अभ्यास कोण लिहून ठेवेल?

आणि मराठी माणसाने तर हा दावा पुढे ढकलूच नये. आपल्याकडच्या फिरंग आणि धोपेची सरळ लांब पाती मोठ्या प्रमाणात युरोपातून यायची, गोव्याच्या पोर्तुगीजांकडून, इतर व्यापाऱ्यांकडून, आणि मूठ आपली बसवायची. राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून परत आणलेली रघुजी भोसल्यांची तलवार याच जातीची, पातं युरोपियन घडणीचं. चपळ घोडेस्वारी करणाऱ्या लोकांनी १५ किलोचे दांडे पैसे मोजून मागवले असते का?

आता चिनी बाजू. लवलवता पत्रा हा वूशूचा, म्हणजे विसाव्या शतकात घडलेल्या स्पर्धेच्या खेळाचा. तिथे हलकं पातं पाहिजे, फिरवताना झणझण आवाज पाहिजे, आणि खेळ म्हणून त्यात काही चूक नाही, ती माणसं जबरदस्त मेहनत करतात. पण ते खेळाचं साहित्य आहे. चीनच्या मिंग आणि छिंग राजवटींच्या काळातली (चौदाव्या शतकापासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत) लढाईची दुधारी तलवार, जियान, ताठ असते, वजन बहुतेक ७०० ग्रॅम ते १ किलोच्या दरम्यान, आणि जाडीचा उतार तिच्यातही असतो, टोकापर्यंत. पातं घडवताना मधे कडक पोलाद आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंड अशी तीन थरांची रचना खूप दिसते, धार कडक पोलादाची मिळते आणि बाकीचं पातं धक्का सोसतं.

एकधारी तलवारीचं, दावचं, अजून वाईट झालंय. कुंग फू पिक्चरमध्ये कुठलाही काळ असो, हिरोच्या हातात टोकाकडे फुगलेली रुंद तलवार असते, तिला चिनीत बैलशेपटी दाव म्हणतात. ही छिंग काळाच्या शेवटाकडची, १९व्या शतकातली, आणि नागरिकांची, म्हणजे मल्ल, रक्षक, बंडखोर वगैरे लोकांची. छिंग सैन्याच्या नेमून दिलेल्या तलवारी वेगळ्या, विलोच्या पानासारख्या आणि हंसाच्या पिसासारख्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, कमी रुंद, एकसंध बाकाच्या. तरी ‘मिंग सेनापतीची तलवार’ म्हणून विकायला ठेवलेली बघावी तर बैलशेपटीच निघते, ती पण पत्र्याची. म्हणजे काळ चुकीचा, वापरणारा चुकीचा आणि पातं पण चुकीचं.

प्राचीन चीनमधल्या गौजियान राजाची तलवार तर प्रसिद्धच आहे, १९६५ मध्ये हुबेई प्रांतात चिआंगलिंगच्या थडग्यातून निघाली, आता वूहानच्या म्युझियममध्ये आहे, जवळजवळ अडीच हजार वर्षांची, लांबी ५५.७ सेंमी, वजन ८७५ ग्रॅम. ती कांस्याची आहे, ओतलेली, धारेकडे कथील जास्त. तिचीच स्टीलची प्रत ‘अस्सलपेक्षा मजबूत’ म्हणून विकतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण कांस्यात तलवार आखूड का ठेवायची, मधे कणा जाड का ठेवायचा, हे सगळं त्या कांस्यामुळे ठरलेलं असतं, स्टीलमध्ये त्या आकाराला काही कारणच उरत नाही.

क्रोमचं म्हणाल तर तो निकाल लागलाय. शीआनला चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्यापाशी पुरलेल्या मातीच्या पुतळ्यांच्या सैन्याजवळच्या कांस्य हत्यारांवर क्रोमियमचे अंश मिळाले होते, त्यावरून ही कथा निघाली. २०१९ मध्ये तिथल्या म्युझियमचे आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे संशोधक एकत्र बसले आणि त्यांना दिसलं की क्रोमियम मुख्यतः मुठी आणि दांड्यांसारख्या भागांपाशी आहे, ते लाकडाला लावलेल्या रोगणातून (लॅकरमधून) आलंय, उलट उत्तम टिकलेल्या पात्यांवर बऱ्याचदा ते नाहीच. पाती टिकली ती कांस्यातल्या जास्त कथिलामुळे आणि तिथल्या बारीक अल्कधर्मी मातीमुळे. पुतळ्याखाली वाकलेली तलवार २००० वर्षांनी आपोआप सरळ झाली ही त्याच सैन्याबद्दल सांगितली जाणारी दुसरी कथा पण सोडून द्या, जास्त कथिलाचं कांस्य कडक आणि ठिसूळ असतं, फार वाकवलं तर तुटतं.

मग आधुनिक स्टील. यात अर्धं सत्य आहे आणि ते मान्य करायलाच पाहिजे. आजचं १०७५, ५१६० किंवा ६१५० अशा क्रमांकांनी ओळखलं जाणारं स्टील मध्ययुगातल्या पोलादापेक्षा खूप एकसारखं असतं, मळी (धातूत अडकलेला कचरा) नाही, कार्बन सगळीकडे सारखा. जुन्या पात्यांची धातुपरीक्षा ॲलन विल्यम्स या संशोधकांनी वर्षानुवर्षं केली, त्यात एकाच काळातल्या तलवारींत प्रचंड फरक सापडतो. ‘उल्फबेर्त’ नाव कोरलेल्या ९व्या ते ११व्या शतकातल्या तलवारी घ्या, काही अप्रतिम पोलादाच्या आणि काही तेच नाव थोडं चुकवून कोरलेल्या, साध्या लोखंडाच्या. नकली माल तेव्हाही होता. पण चांगलं स्टील म्हणजे चांगली तलवार हे कुठून आलं? स्टील तुम्हाला टिकाऊपणा देईल, तोही पाणी नीट दिलं, म्हणजे तापवून नीट विझवलं असेल तरच, नाहीतर तेच स्टील मऊ राहून वाकेल किंवा काचेसारखं फुटेल. हातात ती कशी वळते, थांबवली की कुठे थांबते, टोक कुठे जातं, हे स्टील ठरवत नाही, आकार ठरवतो.

म्हणूनच ‘फरक फक्त ब्रँडचा’ हे मला अन्यायाचं वाटतं. तलवारींचे अभ्यासक इवर्ट ओकशॉट यांनी मध्ययुगीन तलवारींचं दहापासून बावीसपर्यंत रोमन आकड्यांत वर्गीकरण केलं, पात्याचा आकार आणि छेद बघून, त्यामुळे नक्कल करणाऱ्याला निदान कशाची नक्कल करतोय हे कळायला लागलं. स्वीडनचे तलवार घडवणारे पीटर जॉन्सन म्युझियमांत जाऊन एकेका अस्सल तलवारीची जाडी, वजन, तोल मोजत बसले, आणि त्या मापांवर अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या अल्बियन कंपनीच्या तलवारी बेतल्या गेल्या. पैसे त्या मोजण्याचे आणि घासण्याचे असतात. आपल्या देशातही मेरठ आणि देहरादूनला युरोपियन तलवारींच्या रेप्लिका मोठ्या संख्येने बनून जगभर जातात, विंडलास ही कंपनी १९४३ पासून या धंद्यात आहे. चीनमध्ये चच्यांग प्रांतातलं लोंगच्युआन हे तलवारींचं जुनं गाव, २००६ पासून तिथली तलवार घडवण्याची कला राष्ट्रीय वारशाच्या यादीत आहे, आणि त्याच गावातून अतिशय सुंदर जियान पण येतात आणि टुरिस्टांचा पत्रा पण येतो. म्हणजे देश किंवा गाव बघूनही ठरवता येत नाही. विकणाऱ्याला वजन विचारा, मुठीपाशी, मधे आणि टोकापाशी जाडी किती ते विचारा, तोल मुठीपासून किती सेंटीमीटरवर आहे ते विचारा. ज्याने खरंच अस्सल बघून बनवलीय तो ही उत्तरं तोंडावर देतो.

‘दमास्कस’ आणि ‘हजार घड्या’ : घडी घातली की थर दुप्पट होतात, १० घड्यांत १०२४ थर, ३० घड्यांत शंभर कोटींच्या वर, हजार घड्यांना काही अर्थच नाही. घड्या घालायच्या त्या मळीचं पोलाद एकसारखं करायला, आजच्या स्टीलला ती गरजच नाही. जुनं खरं दमास्कस पोलाद मुशीत वितळवलेलं, त्याचा कच्चा माल दक्षिण भारतातून आणि श्रीलंकेतून जायचा. आज त्या नावाने मिळतं ते दोन स्टील जोडून ठोकलेलं, दिसायला छान, आणि स्वस्तात असेल तर नुसती ॲसिडने काढलेली नक्षी.

‘फुल टँग’ मात्र नीट समजून घ्या कारण इथे माणसं जखमी होतात. टँग म्हणजे मुठीच्या आत गेलेली पात्याची शेपटी. जुन्या तलवारींत ती पात्यापेक्षा अरुंदच असायची, पण पात्यातूनच निघालेली, एकसंध, आणि खांद्यापाशी गोलाई ठेवून उतरवलेली. शोभेच्या तलवारींत बऱ्याचदा दोन इंचाचा तुकडा सोडून त्याला आट्यांचा बारीक गज वेल्ड करतात, वरून लाकूड आणि चामडं, विकणारा खुशाल फुल टँग म्हणतो. त्यात पातं स्टेनलेसचं, जे एवढ्या लांबीला झटका सोसत नाही. अशी तलवार आपटली की वेल्डपाशी तुटते आणि पाऊण मीटरचं पातं सुटून जातं, कुठे जाईल ते फिरवणाऱ्याच्या हातात राहत नाही. भिंतीवर लावायला घेतली असेल तर भिंतीवरच ठेवा, त्या व्हिडिओसारखी अंगणात काढून फिरवू नका, आजूबाजूला पोरं उभी असताना तर अजिबातच नाही.